तूट

वर्षातून दोनदा मी मार्व्याहून तरीने मनोरीला जाते.
पिशवीत मोजपट्टी, लाख, खात्याचा शिक्का
आणि एक किल्ली, जिने दार उघडत नाही.
म्हणजे एकटीने उघडत नाही.
कोठाराला दोन कुलपं आहेत,
एक सरकारचं, एक मठाचं.

ब्रदर बोनिफास मिस्किटा दारातच उभे असतात,
झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत जांभळ्या.
"या बाय," म्हणतात, "आधी तुमचं."
मी माझं काढते, मग ते त्यांचं.
पंधरा वर्षं हाच क्रम,
आणि पंधरा वर्षांत आत काही सापडलं नाही
सात पिंपांखेरीज.

जांभळाचं मद्य.
फळं झाडाखाली पडलेलीच घ्यायची, तोडायची नाहीत.
जायफळ, दालचिनी आणि कसलीशी साल,
जिचं नाव माझ्या रजिस्टरात 'इतर' असं आहे.
बाटली जाते वांद्र्याला, माझगावला,
नाताळच्या केकात, लग्नाच्या मांडवात,
आणि परत येते कौलं होऊन,
तांदूळ होऊन, दातांच्या डॉक्टरचं बिल होऊन.
"प्रार्थनेला पैसे लागत नाहीत," ब्रदर म्हणतात,
"प्रार्थना करणाऱ्याला लागतात."

मी पट्टी बुडवते, ओली खूण वाचते.
थोडं लाकूड पितं, थोडं हवा पिते.
कायद्यात त्याला शेकडा दोनची मुभा आहे.
रकान्याचं नाव: तूट.
पहिल्या वर्षी त्यांनी समजावलं होतं,
"तो वरच्याचा वाटा."
मी दचकले होते.
आमच्या खात्यात वर म्हणजे तिसरा मजला.

या मेमध्ये चौथं पिंप अकरा लिटरनी कमी.
पट्टी पुसली, पुन्हा बुडवली.
अकराच.
कुलूप शाबूत, लाख शाबूत, शिक्का माझाच.
ब्रदर दाराकडे बघत होते.
तिकडे मीही बघितलं, तेव्हा दिसली
गंजक्या बिजागरीत चार नवे स्क्रू.

"मार्चमध्ये रेमिजियस गेला ना.
उधाणाची भरती होती, कबरीत पाणी येत होतं.
कोळीवाड्यातले चौघे रात्रभर
उपसत होते, खणत होते, पुन्हा उपसत होते.
खणणाऱ्याला कोरडं पाठवायचं नाही, अशी चाल आहे.
तुम्हाला फोन केला असता, पण दोन वाजले होते रात्रीचे.
मग दारच काढून ठेवलं बाजूला.
कुलपाला हात नाही लावला."

"चौघांनी अकरा लिटर?"

"दुसऱ्या दिवशी गाव आलं."

मग म्हणाले, "लिहा तसंच. लपवायचं असतं
तर पाणी घातलं असतं पिंपात."
मला कळलं असतं, मी म्हटलं.
"हो. तुम्हालाही."

शुल्क त्यांनी मेणबत्त्यांच्या डब्यातून भरलं,
मेण लागलेली नाणी, दहादहाच्या नोटा.
तीनदा मोजावं लागलं, कारण मध्येच घंटा झाली,
आणि घंटा झाली की हातातलं सोडायचं असतं,
पैसेसुद्धा.
मी एकटी बसून राहिले त्या नाण्यांपाशी.
भिंतीपलीकडून दोनच आवाज येत होते,
एक त्यांचा,
एक खाटेवरच्या ब्रदर ऑगस्टीनचा, अर्धा शब्द मागे.

मी पहिल्यांदा आले तेव्हा जेवणघरात नऊ थाळ्या होत्या.
नवाच्या दोन,
पंधरा वर्षांत,
शेकडा किती, हे बोटीत काढायला घेतलं
आणि कागद घडी करून ठेवून दिला.

'कारण' या रकान्यात दीड इंच जागा असते.
मी लिहिलं: भरती, कबर, चौघे, मग गाव.
तिसऱ्या मजल्यावरून फाईल परत आली,
लाल शाईत: खुलासा करावा.

केलेला नाही अजून.
स्क्रूंबद्दल मी काही लिहिलं नाही.
पितळेचे आहेत,
निघताना अंगठ्याने दाबून बघितले,
घट्ट बसलेत.